कासाबाईनं वर नेलेली माती

ते भांडण मी भिंतीआडून ऐकलं. आमच्या आणि किशनरावांच्या घरात भिंत एकच, तीही मातीची, वर आढ्याशी हातभर मोकळी. मी तेव्हा नवी नवरी. दुपारची जेवणं उरकून दळण निवडत बसले होते. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. त्या भिंतीतून काही ऐकायचं नाही म्हटलं असतं तर मला माहेरीच राहावं लागलं असतं.

पलीकडं किशनरावांच्या दोन लेकांची वाटणी चालली होती. थोरले रामहरी, धाकटे दत्तराव. रानाचे तुकडे दोन. खालचं ओढ्याच्या काठचं, काळंभोर, माणूस कमरेइतका रुतेल एवढी माती. वरचं डोंगराच्या उतारावरचं, आम्ही त्याला बरड म्हणतो. तिथं फावडं मारलं की मातीचा नाही, भांड्याचा आवाज येतो. म्हातारपणी किशनराव धाकट्याजवळ राहणार होते, म्हणून खालचं रान त्यांनी धाकट्याला देऊ केलं होतं.

रामहरी काही केल्या ऐकत नव्हते. म्हणाले, "खालची माती काय तिथंच उगवली व्हय? वरूनच आली ना सगळी वाहून?"

"पान्यानं आनली," दत्तराव म्हणाले. "म्या काय तिला आवतान धाडलं होतं?"

मग बैलावरून झालं, विहिरीवरून झालं, कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या तेही निघालं. एक तांब्या आपटल्याचा आवाज आला. किशनराव नुसते खोकत होते. एवढ्यात आतल्या दाराआडून बाईचा आवाज आला. ती रामहरींची बायको, कासाबाई. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायची आमच्याकडं तेव्हा रीत नव्हती, म्हणून ती नवऱ्याच्या नावानं दाराशीच बोलली.

"वरचं आमी घेतो म्हनावं. पर वरून जी माती खाली येईल, ती उन्हाळ्यात परत न्यायला आमाला कुनी आडवू नये."

मग आधी दत्तराव हसले, मागून किशनरावही हसले. दत्तराव म्हणाले, ने की वहिनी, डोंगर बी ने. पण किशनराव रीतीचे पक्के होते. हसता हसता त्यांनी दोन गोष्टी घालून दिल्या. पीक निघाल्यापासून आखितीपर्यंतच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच, माती न्यायची, आखितीनंतर खालच्या रानात पाय ठेवायचा नाही. आणि नुसती वर येऊन बसलेली माती न्यायची. नांगराखाली गेली की ती खालच्याची झाली, मग तिच्यावर बोलायचं नाही.

कासाबाई आतून 'व्हय' म्हणाली. वाटणी झाली. एक दोन उन्हाळे वझं वाहील आणि थकून बसेल, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

आता ते बरड कसं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जिंतूरकडचे आमचे डोंगर टोकदार नाहीत. वरून तव्यासारखे सपाट, आणि खाली उतरताना पायऱ्या पायऱ्यांचे, जसा काही कुणी घाट बांधायला घेतला आणि पाणी सापडलं नाही म्हणून सोडून दिला. एक पायरी काळ्या पाषाणाची, पहार मारली तर ठिणगी उडते. तिच्याखाली मुरूम, हातानं चुरला जातो. त्याच्याखाली कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा, हातभर रुंद, आणि परत काळा पाषाण. गेरूच्या पट्ट्याशी पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत पाणी झिरपतं, तिथं शेळ्या जिभा लावतात. दगड फोडला तर आत कधी पांढऱ्या सुयांचा झुपका निघतो, काचेसारखा. कासाबाईच्या तुळशीच्या कट्ट्यावर असे दोन चार झुपके कायम असायचे. लेकरांनी हात लावला की ओरडायची.

कासाबाईचं रान म्हणजे अशा दोन पायऱ्यांच्या मधला उतार. पावसाळ्यात वरचं पाणी तिथून धावत यायचं आणि जी काही वीतभर माती असेल ती घेऊन खाली दत्तरावांच्या कडेला टाकायचं. तिथं ती जिभेसारखी पसरून बसायची. तांबूस, मुरमाचे खडे मिसळलेली, काळ्या रानात वेगळी दिसायची.

पहिल्या उन्हाळ्यात ती टोपलं घेऊन निघाली. टोपल्याला आतून शेणानं लिंपून घेतलेलं, म्हणजे बारीक माती फटीतून गळू नये. डोक्यावर चुंबळ, कमरेला पदर खोचलेला. भरायचं, उचलायचं, उतार चढायचा, मधल्या खडकाच्या पायरीला टेकून दम घ्यायचा, वर जाऊन ओतायचं. रामहरी दगड रचायचे. दगडावर दगड रचून उतारावर जो आडवा बांध घालतात त्याला आम्ही ताल म्हणतो. तालीच्या आतल्या अंगाला कासाबाईची माती. पहिल्या वर्षी जी जागा भरली तिच्यात एक म्हैस बसली असती तर शेपूट बाहेर राहिलं असतं.

दत्तरावांची बायको लक्ष्मीबाई पाणवठ्यावर म्हणायची, वरून येते टोपलंभर आणि जाते पाटीभर, आमचं काळं रान चाललंय डोंगरावर. हे कासाबाईच्या कानावर गेलं. ती दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन लक्ष्मीबाईच्या दारात गेली आणि तिच्यापुढं ठेवलं. बघ म्हणाली, यातली तुझी कोणती ती काढून घे. लक्ष्मीबाईनं टोपल्यात बोट फिरवलं, एक खडा उचलला, आणि दोघी चहा प्यायला बसल्या. आता खरं सांगायचं तर चार बोटं काळी माती कधी टोपल्यात गेलीच नसेल असं मी म्हणणार नाही. फावड्याला डोळे नसतात.

कारखान्याचा हंगाम आला की रामहरी गंगाखेडला कामाला जायचे. एकदा पावसाळ्यात कुणाच्या तरी दहाव्याला पूर्णा गंगेला, म्हणजे गोदावरीला, मिळते तिथं गेले आणि परत येऊन ओसरीवर सांगू लागले, गंगेला पूर आला होता, पाणी कसं लालभडक, आपल्याच डोंगराची माती पूर्णेतून तिकडं पोचलेली. कासाबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आनली का न्हाई थोडी?" रामहरी पुढं कितीतरी दिवस हे सगळ्यांना सांगत होते.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागं ताली रचायचं कामही तिच्याकडं आलं. लेक परमेश्वर परभणीला दुकानात लागला, तिथंच त्याचं बिऱ्हाड. बरडावर तोवर तीन ताली झाल्या होत्या, एकाखाली एक, डोंगराच्या पायऱ्यांना लागून तिच्या पायऱ्या. वरच्या दोन्हींत मटकी, हुलगा. सगळ्यात खालची मोठी, तिच्यात ज्वारी यायची. ताट कमरेएवढंच व्हायचं, पण कणीस भरायचं. तिची भाकरी गोड लागते असं ती म्हणायची. मला तर दत्तरावांच्या ज्वारीसारखीच लागायची, पण मी तसं कधी बोलले नाही.

परमेश्वरची पोर भक्ती सुट्टीत यायची. एका सुट्टीत तिनं आम्हा दोघींना शाळेतलं सांगितलं. मी दुसरी शिकलेली, कासाबाई तेवढीही नाही. भक्ती म्हणाली, हा डोंगर म्हणजे जमिनीच्या भेगांतून उसळून आलेला रस आहे, तापलेला, काकवीसारखा. तो वाहत गेला आणि थिजला, तो काळा पाषाण. मग पुष्कळ काळ गेला, त्या थराच्या वरच्या अंगाची माती झाली. मग परत रस आला आणि तिच्यावर पसरला. ती माती भाजून लाल झाली, तोच गेरू.

कासाबाई चूल सोडून तिच्याजवळ येऊन बसली. "म्हंजे मधी माती झाली होती?"

"हो, आजी."

"पाषानाची?"

"हो. ऊन, पाऊस, वारा लागून लागून."

"किती दिस लागले?"

भक्ती म्हणाली, दिवस नाही गं, हजारो लाखो वर्षं. कासाबाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मग म्या काय लय हळू न्हाई." आणि उठून चुलीकडं गेली.

तिची चूक झाली ती याच्या पुढं, आणि ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. तालीला सांडवा ठेवावा लागतो, म्हणजे एका टोकाला दगड खाली ठेवून जास्तीच्या पाण्याला वाट. रामहरींनी तिन्ही तालींना ठेवला होता. पण सांडव्यातून जाणारं पाणी गढूळ असतं. वर्षानुवर्षं डोक्यावरून वर नेलेली माती ते पाणी डोळ्यांदेखत घेऊन जातंय हे तिला बघवेना. आधी तिनं मोठ्या तालीच्या सांडव्यात एक दगड टाकला. मग दुसरा. मग फटीत चिखल भरला. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला, पाणी आत जिरलं, ज्वारी चांगली आली. तिला वाटलं जमलं.

पुढच्या भादव्यात झड लागली. दिवसभर, परत दिवसभर. मग एका दुपारी असा पाऊस आला की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. आम्ही दोघी माझ्या ओसरीत शेंगा फोडत होतो. डोंगराकडून आवाज आला, दगड भरलेली ट्रॉली उलटावी तसा. कासाबाईनं हातातली शेंग सुपात ठेवली. मी म्हटलं वीज पडली असेल. ती म्हणाली, "न्हाई. माझी ताल गेली."

सकाळी उघडल्यावर आम्ही रानात गेलो. मोठी ताल मधोमध फुटली होती. आतली माती, खरवडून काढावी तशी सगळी खाली. आणि खाली दत्तरावांचं सोयाबीन शेंगांत आलेलं, ते मातीखाली आणि दगडांखाली. दर वर्षी माती कडेला येऊन बसायची, तिथं नांगर कधी जात नसे. या वेळी ती रानाच्या मधोमध पसरली होती.

दत्तराव बांधावर काठी टेकून उभे होते. आता सत्तरी ओलांडलेले, ऐकायला कमी येणारे. त्यांचा मुलगा बजरंग रानात फिरून सोयाबीन उपटून बघत होता. मला वाटलं आता जुनं सगळं निघतंय.

दत्तराव म्हणाले, "वहिनी, सांडवा का बुजवला?"

"माती जाते म्हनून."

"आन आता?"

"आता सांडव्यातून न्हाई गेली," कासाबाई म्हणाली.

दत्तरावांना आधी ऐकू आलं नाही. बजरंगनं चिडून परत सांगितलं तेव्हा कळलं, आणि ते काठीवर हात ठेवून हसू लागले. कासाबाईही हसली, आणि मग बांधावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

पण हसून झालं तरी गोष्ट राहिलीच. तिच्या आयुष्याची माती आता दुसऱ्याच्या रानात पडलेली, आणि सोयाबीन निघालं की बजरंग तिथं हरबऱ्यासाठी नांगर घालणार. आखितीपर्यंत माती न्यायची मुभा होती, पण नांगर त्याच्या किती आधी येणार. एकदा नांगर फिरला की तांबडी माती काळीत मिसळली. मग ती खालच्याची. किशनरावांनी घालून दिलेलं ते दोन्ही घरांनी कधी मोडलं नव्हतं आणि कासाबाई तर मोडणारच नव्हती.

ती बजरंगकडं गेली. मी बरोबर होते. तेवढा पट्टा या साली पडीक ठेव म्हणाली. बजरंग वाईट नाही. तिला बसायला पाट दिला, चहा सांगितला. पण म्हणाला, "मोठीमाय, सोयाबीन तर गेलंच. आता हरबरा बी सोडू व्हय?" मग म्हणाला, ट्रॅक्टरनं माती वर टाकून देतो. पण मधली ती काळ्या खडकाची पायरी, तिच्यावरून शेळी चढते, ट्रॅक्टर नाही. हे त्यालाही माहीत होतं. परमेश्वरचा फोन आला, आता बास कर, परभणीला ये. ती त्याला हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. इकडं रेंज नाही म्हणाली. फोन तर चांगला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या रानात जाऊन दगड वेचू लागली. माती न्यायची मुभा पीक निघाल्यावर, पण दगडांबद्दल किशनराव काही बोलले नव्हते. एकेक दगड उचलून कडेला रास लावायची. मी तिला म्हटलं, अगं, दगड काढून देतेस म्हणजे नांगराला वाट करून देतेस. राहू दे की पडलेले, बजरंगचा फाळ अडेल, तेवढाच उशीर.

ती म्हणाली, "दगूड माझे हायत. लोकाच्या रानात कशाला ठेवू?"

उरलंसुरलं सोयाबीन निघालं. ती त्या दिवसापासून माती वाहू लागली, पण आता तिचं चालणं पूर्वीचं राहिलं नव्हतं. टोपलं अर्धं भरायची. तांबडा पट्टा होता तेवढाच दिसायचा. आणि मग एका सकाळी बजरंगचा ट्रॅक्टर ओढा ओलांडून रानात आला.

कासाबाईनं टोपलं बांधावर ठेवलं आणि बाजूला झाली. ट्रॅक्टर खालच्या टोकापासून नांगरत नांगरत वर येऊ लागला. काळी ढेकळं उलटत होती, मागं बगळे उतरत होते. मी शेण्या थापायच्या सोडून तिच्याजवळ येऊन उभी राहिले होते.

तेवढ्यात दत्तराव काठी टेकत आले. बांधावर थांबले नाहीत. सरळ तांबड्या पट्ट्यात चालत गेले, मधोमध धोतर सावरून मांडी घालून बसले आणि कनवटीची तंबाखूची डबी काढली.

ट्रॅक्टर त्यांच्यापाशी येऊन थांबला. बजरंग वरूनच म्हणाला, "आबा, उठा. नांगरायचंय."

"उठतो," दत्तराव म्हणाले. "तंबाखू होऊ दे."

बजरंगनं थोडा वेळ वाट बघितली. मग पट्टा सोडून वळसा घेतला आणि पलीकडचं नांगरू लागला. परत आला तर म्हातारा तिथंच. तळहातावर तंबाखू, चुना, अंगठ्यानं चोळतोय. परत वळसा. दुपारी लक्ष्मीबाईनं भाकरी पाठवली, ती त्यांनी तिथंच खाल्ली. ऊन उतरलं, सगळं रान काळं झालं आणि मधे तांबडा पट्टा तसाच राहिला, तेव्हा ते उठले. गुडघे धरले होते, बजरंगनंच खाली उतरून त्यांना हात दिला. बाप-लेक ट्रॅक्टरवर बसून घरी गेले. लक्ष्मीबाईनं दोन दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं, असं ऐकलं. दत्तरावांना ते कळलं की नाही कोण जाणे, ऐकायला कमी येतं.

त्यांनी असं का केलं ते कुणी विचारलं नाही. कासाबाईनंही नाही. तिनं हुलग्याचं माडगं करून एक तपेली त्यांच्याकडं पाठवली, एवढंच.

त्या हिवाळ्यात चहूकडं हरबरा आणि मधे तो पट्टा, आणि त्यात वाकलेली कासाबाई, असं आमच्या दारातून दिसायचं. शेळ्यांमागं वर जाणाऱ्या बायका कधी एखादं घमेलं उचलून न्यायच्या. ती कुणाला ने म्हणाली नाही, कुणाला नको म्हणाली नाही. हरबरा निघाला तसा बजरंगही एक दिवस येऊन दगड वर चढवून गेला. ताल परत रचली. आखितीपर्यंत निम्म्याहून जास्त माती वर गेली होती. राहिलेली राहिली. आखितीनंतर बजरंगनं तिच्यावर नांगर घातला तेव्हा कासाबाई माझ्याकडं पापड लाटत होती. आवाज आला तशी तिनं एकदा तिकडं बघितलं आणि म्हणाली, जाड झाला का गं ह्यो?

नव्या तालीला तिनं सांडवा ठेवला, चांगला रुंद. पावसाळ्यात त्यातून गढूळ पाणी जायला लागलं की ती तिकडं पाठ करून बसायची. ज्वारी त्या वर्षी गुडघ्याएवढीच झाली. पण झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. आखिती दोन दिवसांवर होती. आजारी वगैरे काही नव्हती. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही. परमेश्वर मला विचारत होता, आदल्या दिवशी आई काय करत होती. मी त्याला सांगितलं तेच इथं लिहिते.

ऊन चढायच्या आधी ती माझ्या दारावरून गेली. टोपलं काखेत, चुंबळ हातात. मला म्हणाली, लाल तिखट संपलंय, आल्यावर देशील का वाटीभर. मी हो म्हटलं. यंदा पाऊस बेताचाच झाला होता, त्यामुळं खाली कडेला माती थोडीच येऊन बसली होती. तिनं ती फावड्यानं ओढून टोपल्यात भरली, अर्ध्याला जरा कमीच. चुंबळ ठेवली, टोपलं डोक्यावर घेतलं. उतार चढून खडकाच्या पायरीशी थांबली, टोपलं खडकावर टेकवलं, पदरानं तोंड पुसलं. मग परत उचललं. मोठ्या तालीत नेऊन ओतलं, पायानं पसरलं, ढेकूळ होतं ते टाचेनं फोडलं. टोपलं उलटं करून दगडावर दोनदा आपटलं, कडेला चिकटलेली माती नखानं खरवडून काढली. मग टोपलं काखेत मारून खाली आली, आणि माझ्याकडून तिखट घेऊन घरी गेली.